लीझचा नालबंद

माझा धंदाच दोष शोधण्याचा आहे. ड्रेस्डेनमधल्या एका चिप कारखान्यात मी क्वालिटीत काम करते. डोळ्यांना दिसणारही नाही असा ओरखडा मला सापडतो, आणि एखादा सुटलाच तर मी आठवडाभर स्वतःला बोल लावत बसते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे मी केलं ते नजरचुकीने झालं असं कुणी माझ्या बाजूने म्हणू नये. मी ते नीट बघून, समजून, कँटीनमध्ये सूप पीत केलं.

आमच्या मंडळाचा गणपती गेली दहा वर्षं शहराबाहेरच्या जुन्या कासर्नेत बसतो. कासर्ने म्हणजे लष्कराची छावणी. पिवळ्या विटांच्या लांबच लांब इमारती, घोड्यांच्या पागा, एक पाण्याची टाकी आणि मधोमध राइटहाले, म्हणजे घोडेस्वारी शिकवायचा मोठा बंदिस्त हॉल. कैसरच्या घोडदळासाठी हे सगळं बांधलं. मग हिटलरचं सैन्य आलं, मग पंचेचाळीस वर्षं रशियन राहिले, ते गेल्यावर कबुतरं राहिली, आणि शेवटी नगरपालिकेने छप्पर दुरुस्त करून हॉल लग्नांना, नाटकांना, शोभेच्या माशांच्या प्रदर्शनांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. छत उंच असल्यामुळे ढोल छान घुमतो. बाकी इतिहासाशी आम्हाला काही कर्तव्य नव्हतं.

यंदा दशकपूर्ती. स्मरणिका जाडजूड काढायची ठरली आणि संपादकपदाचं घोंगडं माझ्या गळ्यात अडकवलं. दरवर्षीचे तेच ते लेख मला नको होते. मी जाहीर केलं की या वेळी आपण हॉलचा इतिहास छापायचा, चांगली चार पानं. त्याला तसंच कारण मिळालं होतं. दोन वर्षांपूर्वी नालबंदखान्याचं छप्पर उतरवताना कामगारांना माळ्याच्या फळीखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला होता. आत त्रेसष्ट फोटो. कुणीतरी शिपायाने हौसेने काढलेले: पागा, हॉल, बर्फातलं मैदान, घोड्यांना खरारा करणारी पोरं. नगरपालिकेच्या अभिलेखागाराने ते स्कॅन करून वेबसाइटवर टाकले आणि खाली लिहिलं, यातलं कुणी ओळखीचं असल्यास कृपया फॉर्म भरा. फोटो छापायला त्यांनी मला एका ईमेलवर परवानगी दिली.

माहिती मात्र हवी होती ती हेर, म्हणजे श्रीयुत, हेम्पेल यांच्याकडून. हे आमच्या हॉलचे हाउसमाइस्टर, म्हणजे किल्ल्या, दिवे, हीटिंग सगळं सांभाळणारे. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, वय ऐंशी, पण नगरपालिकेला त्यांच्याशिवाय फ्यूज सापडत नाही म्हणून किल्ल्यांचा जुडगा अजून त्यांच्याच पट्ट्याला. आमची सगळी मंडळी त्यांना हेम्पेलकाका म्हणतात. ते दरवर्षी दाराशी उभे राहून मोजून एक मोदक खातात आणि "गोड आहे" एवढाच अभिप्राय देतात.

जूनमध्ये मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी स्ट्रॉबेरीचा केक आणला होता, टेबलावर इस्त्री केलेलं टेबलक्लॉथ होतं. मी लॅपटॉपवर फोटो दाखवू लागले. ते पागा, विहिरी, दरवाजे ओळखत गेले, मी टिपून घेत गेले. चाळिसाव्या फोटोवर त्यांनी हात वर केला.

"थांबा."

फोटोत राइटहालेच्या दारापाशी एक तांबूस घोडी उभी होती. तिचा मागचा पाय उचलून मांड्यांमध्ये धरलेला एक तरुण नालबंद, अंगावर कातड्याचा एप्रन, मान वळवून फोटो काढणाऱ्याकडे बघून हसत होता. फोटोच्या पाठीचाही स्कॅन होता, त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: कुर्ट आणि लीझ, मार्च ४५.

"कान बघा," हेर हेम्पेल म्हणाले, आणि स्वतःचं डोकं बाजूला वळवून मला कान दाखवला. एका सरळ रेषेत बाहेर आलेले, टोकाशी किंचित दुमडलेले कान. दोन्हीकडे तेच.

"तुमचे वडील?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. कुर्ट हेम्पेल. इथे नालबंद होते. मी त्यांना पाहिलेलं नाही."

मग त्यांनी एका दमात सांगितलं, जसं कुणी खूप दिवस पाठ करून ठेवलेलं सांगतं. एप्रिल पंचेचाळीस. लढाई संपल्यात जमा होती. गावात, इथून अकरा किलोमीटरवर, त्यांची आई दिवस भरलेली होती. कुर्ट एका सकाळी एप्रन खुंटीला टांगून चालत घरी गेला. दोन दिवसांनी त्याला घरातून उचललं. याच राइटहालेत टेबल टाकून लष्करी कोर्ट बसलं, पंधरा मिनिटं चाललं, आणि फरारी म्हणून हॉलच्या मागच्या भिंतीशी त्याला गोळ्या घातल्या. तेवीस वर्षांचा होता. नऊ दिवसांनी हेर हेम्पेल जन्मले.

"टेबल कुठे होतं?" मी विचारलं. मला तपशील लागतात, सवय आहे.

"सज्ज्याखाली. तुमचं स्टेज असतं तिथे."

माझ्या तोंडातला केक तसाच राहिला.

"दोन हजार दोन साली सरकारने असले निकाल रद्द केले," ते म्हणाले. "कागदावर ते आता गुन्हेगार नाहीत. पण गावच्या चर्चपाशी युद्धात गेलेल्यांची नावं दगडात कोरली आहेत, त्यात ते नाहीत. कुठेच नाहीत. मी नगरपालिकेचा फॉर्म भरलेला नाही. भरला की वर्तमानपत्रवाले येतील, गावात बोललं जाईल, कुणाचा आजोबा कुठे होता ते निघेल. माझ्यात तेवढी ताकद नाही आता. पण तुमच्या पुस्तकात, आल्झो, म्हणजे तुमच्या भाषेत, त्यांचं नाव छापाल का? तुमच्या लोकांना आमच्या गावाशी काही घेणंदेणं नाही. ते नुसतं वाचतील. तेवढं मला पुरे."

मी म्हटलं, "नक्की. वचन देते." हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, आणि निघताना उरलेला केक मला डब्यात भरून दिला.

लेख मी मनापासून लिहिला. कुर्टवर अर्धं पान, त्याच्या वर तो फोटो. लिहिताना दोनदा रडले, आणि रडू आलं म्हणून लेख चांगला झालाय असं स्वतःला सांगितलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, छपाईला पाठवायच्या दिवशी दुपारी, ईप्सिताचा फोन आला. ईप्सिता मंडळाची अध्यक्ष. कामाला वाघ, आणि सगळ्यांना खूश ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. मी कँटीनमध्ये होते.

"चारुताई, आर्टिकल एकदम मस्त झालंय गं. सीरियसली. पण ते एक तेवढं नको ना."

"कोणतं?"

"अगं ते गोळी घातलेलं. आपण मूर्ती ठेवतो तिथेच कोर्ट होतं म्हणे! या वर्षी पूजेला माझ्या सासूबाई बसणार आहेत. पुण्याहून खास येतायत. त्यांनी हे वाचलं ना, तर त्या त्या स्टेजवर पाऊल ठेवणार नाहीत. आणि सगळ्यांनाच कसंतरी होईल. शुभ कार्य आहे गं. पुढे कधीतरी वेगळा हेरिटेज अंक काढू की. मी ग्रुपवर टाकते, बघ काय म्हणतात."

तिने ग्रुपवर टाकलं. सात मिनिटांत अकरा अंगठे वर आले.

मी भांडू शकले असते. भांडण्यात माझं नाव आहे. एकदा बसच्या ड्रायव्हरशी बाबागाडीवरून मी असं भांडले होते की तो स्टॉपवर उतरून माझी माफी मागून गेला. पण त्या दुपारी मी भांडले नाही, आणि त्याचं कारण ईप्सिता नव्हती, तिच्या सासूबाईही नव्हत्या. खरं कारण असं की मलाच ते नको होतं. जूनमधल्या त्या भेटीपासून आरतीचा विचार केला की डोळ्यांसमोर टेबल यायचं. हा विचार कुणीतरी माझ्या डोक्यातून काढून टाकावा अशी माझी इच्छा होती, आणि अकरा अंगठ्यांनी तो काढून दिला. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

अर्धं पान सिलेक्ट करून मी डिलीट केलं. तिथे भोक पडलं, म्हणून इथल्या दुकानात मिळणाऱ्या तांदळाच्या पिठाचे उकडीचे मोदक कसे करावेत ती पाककृती घातली. फोटो मात्र सोडवेना. घोडीचं तोंड इतकं देखणं आलं होतं, मागे हॉलचं दार, उन्हाची तिरीप. मी फोटो उजवीकडून कापला. माणूस गेला, घोडी राहिली. खाली ओळ टाकली: कासर्नेतली एक घोडी, १९४५. फाइल पाठवली, सूप संपवलं आणि मीटिंगला गेले.

त्यानंतर तीन आठवडे होते. हेर हेम्पेलना सांगायला तीन आठवडे म्हणजे भरपूर वेळ. मी दोनदा ईमेल लिहायला घेतला. एकदा त्यांच्या घराच्या रस्त्याला लागले आणि सिग्नलवरून परत फिरले. हॉलच्या किल्लीसाठी भेटलो तेव्हा ते म्हणाले, "मी वाट बघतोय." मी म्हटलं, "हो, हो," आणि स्टेजच्या दिव्यांबद्दल विचारलं. घरी रुपेश, माझा नवरा, म्हणाला, "सांगून टाक ना एकदा, काय होईल?" मी त्याच्यावर खेकसले. काय होईल हे मला माहीत असतं तर मी सांगितलंच असतं.

गणपतीच्या शनिवारी हेर हेम्पेल दहालाच आले. दरवर्षी निळ्या कामाच्या कोटात येणारा माणूस काळा सूट घालून, टाय लावून आला होता. हातात एक पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट होतं, महत्त्वाची कागदपत्रं ठेवतात तसलं, रिकामं. दाराशी स्मरणिका वाटणाऱ्या बाईंकडे त्यांनी तीन प्रती मागितल्या. हे मी मोदकांच्या टोपल्यांमागून पाहिलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसले.

प्रतिष्ठापना झाली. ईप्सिताच्या सासूबाई, कुंदाताई, जरीचं लुगडं नेसून पूजेला बसल्या, आरत्या झाल्या, टाळ्या कडाडल्या. हे सगळं मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. कुणी विचारलं तर सांगायचे, मठ्ठ्याला मीठ बघतेय. आयुष्यात मी मठ्ठ्याची एवढी काळजी कधी केली नव्हती. मनात एकच आशा होती: त्यांना मराठी येत नाही. ते पानं उलटतील, हॉलचे फोटो बघतील, कुठेतरी असेल म्हणून समाधान मानतील. त्यांना वाचता येत नाही म्हणून आपण सुटू, इतका हलकट हिशेब मी करत होते.

पंगती सुरू झाल्यावर मला बाहेर यावंच लागलं. ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर स्मरणिका. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. मी बसले.

"हे पान मी आधी शोधलं," ते म्हणाले.

पान एकेचाळीस होतं. श्रद्धांजलीचं. आमच्या स्मरणिकेत ते दरवर्षी असतं. गेल्या काही वर्षांत सभासदांचे जे आईवडील तिकडे वारले, त्यांचे छोटे फोटो, नावं, तारखा. या वर्षी अकरा होते. भाषा न कळताही कुणालाही कळावं असं पान.

"फोटो आणि दोन तारखा. आमच्याकडेही असंच असतं," ते म्हणाले. "म्हणून मला वाटलं, इथे असतील." त्यांनी बोट पहिल्या फोटोवर ठेवलं आणि एकेक करत अकराव्यापर्यंत नेलं. मग परत पहिल्यावर आणलं. हे त्यांनी सकाळपासून किती वेळा केलं असेल कोण जाणे. एका फोटोवर ते थांबले.

"यांचं कपाळ तुमच्यासारखं आहे."

"माझे वडील," मी म्हटलं. "विष्णू आगाशे."

"दोन हजार एकवीस. कोरोना?"

"हो. साताऱ्यात. मी गेले नाही. गेले तर परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती. फोनवर पाहिलं."

त्यांनी स्मरणिका बाजूला ठेवली, उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि माझा हात हातात घेतला. "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, फ्राउ आगाशे. उशीर झाला, पण मला माहीत नव्हतं."

चार वर्षांत मला कुणी असं उभं राहून सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांसाठी तो माणूस उभा राहिला, आणि त्याच्या वडिलांना मी पाककृतीसाठी कापलं होतं. मला भर मांडवात मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हेर हेम्पेल," मी म्हटलं, "तुमचे वडील या पुस्तकात नाहीत. मी काढले. लिहिलं होतं, आणि मग तीन आठवड्यांपूर्वी काढलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच."

ते खाली बसले. घेतलेल्या तीनपैकी दुसऱ्या प्रतीची पानं उलटून त्यांनी घोडीचा फोटो काढला. म्हणजे त्यांनी तो आधीच पाहिला होता.

"लीझला ठेवलंत."

"हो."

"देखणी होती, मान्य आहे." त्यांनी फोटोच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "का पण?"

मी सांगू लागले. आमच्याकडे असं असतं, सणाच्या दिवशी, देवाच्या जागी, मेलेल्या माणसांबद्दल बोलणं लोकांना बरं वाटत नाही. बोलता बोलता माझं लक्ष त्यांनी बाजूला ठेवलेल्या प्रतीकडे गेलं. ती एकेचाळिसाव्या पानावर उघडी होती. अकरा मेलेली माणसं हसत माझ्याकडे बघत होती. मी वाक्य अर्ध्यावर सोडलं. आमचं माणूस गेलं की श्रद्धांजली, आणि त्यांचं गेलं की अशुभ. एवढा ढळढळीत दोष, आणि माझ्यासकट बारा जणांपैकी एकाला दिसला नव्हता.

त्यांनाही दिसला असणार.

"माझी आईसुद्धा असंच म्हणायची," ते म्हणाले. "मी दर नाताळला विचारायचो, बाबा कुठे गेले? ती म्हणायची, रशियात, लढाईत. जास्त विचारलं की म्हणायची, आज सण आहे, आज नको. मी चौतीस वर्षांचा झाल्यावर मावशीने खरं सांगितलं. आई वाईट नव्हती. तिला शेजारी सांभाळायचे होते. पण मी त्यानंतर तिच्याशी धड बोललो नाही. अकरा वर्षं. मग ती गेली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही निदान तीन आठवड्यांत सांगितलंत."

ते मला सूट देत होते. ती घेण्याची माझी लायकी नव्हती.

"लिहिलेलं अजून आहे का तुमच्याकडे?"

"जुना मसुदा फोनमध्ये आहे."

"वाचा ना."

मी वाचलं. आजूबाजूला 'भात इकडे', 'मठ्ठा कुणाला' चाललं होतं, पोरं खांबांभोवती पळत होती, आणि मी त्यांच्या कानाशी वाकून मराठीत वाचत होते: "या हॉलच्या दारात घोड्यांना नाल मारणारा कुर्ट हेम्पेल तेवीस वर्षांचा होता. बायकोचे दिवस भरले म्हणून तो घरी चालत गेला. तेवढ्यासाठी त्याला इथे मारलं..." त्यांना कळत होतं ते फक्त नाव. प्रत्येक वेळी नाव आलं की ते मान हलवायचे. अर्धं पान संपायला दोन मिनिटं लागली.

"छान वाटतं ऐकायला," ते म्हणाले. "पण फ्राउ आगाशे, हे मला माहीतच आहे."

बरोबर होतं त्यांचं. ज्याला ठाऊक आहे त्यालाच मी वाचून दाखवत होते, आणि ज्यांनी वाचावं म्हणून त्यांनी ते मला दिलं होतं, ते सगळे पंधरा पावलांवर श्रीखंड खात होते.

तेवढ्यात माईकवरून ईप्सिताचा आवाज आला: मागच्या फाटकाशी केटरिंगवाल्याची गाडी अडकलीय, फाटकाची किल्ली कुणाकडे आहे? हेर हेम्पेलना 'केटरिंग' आणि हातवारे कळले. त्यांनी पट्ट्याचा जुडगा चाचपला. "आलोच," म्हणाले, आणि पाकीट खुर्चीवर ठेवून मागच्या दाराकडे गेले.

मी उठले. असं वाटत होतं की आत्ता, या क्षणी केलं नाही तर माझ्याच्याने कधीच होणार नाही. मी स्टेजवर चढले आणि ईप्सिताच्या हातातून माईक घेतला. तिला वाटलं, पार्किंगचं काहीतरी असेल. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं, पण तोवर मी बोलायला लागले होते.

मी सांगितलं की स्मरणिकेत एका घोडीचा फोटो आहे आणि त्यातला माणूस मी कापला आहे. मग अर्धं पान वाचलं. कोर्टाचं टेबल कुठे होतं तेही वाचलं, मूर्तीच्या शेजारी उभी राहून. पहिल्या ओळीला वाढणारे थांबले. नावाशी पोहोचले तेव्हा पोरंही गप्प झाली होती. शेवटी म्हटलं, "त्यांचा मुलगा आज आपल्याकडे जेवायला आलाय. आपले हेम्पेलकाका." माईक ठेवला. आणि मला हलकं वाटत होतं, खूप हलकं.

खाली उतरताना कुंदाताईंनी मला हाताने थांबवलं. ज्यांच्यासाठी हे सगळं कापलं होतं त्या कुंदाताई. मी मनाची तयारी केली.

"काय गं, त्यांचे वडील इथे गेले आणि तुम्ही त्यांना दाराशी एक मोदक देऊन उभं करता?" त्या म्हणाल्या. "सकाळी सांगितलं असतं तर माझ्या शेजारी पूजेला बसवलं असतं. कुठायत ते? पान वाढायला सांग."

एवढंच होतं. एवढंच असणार होतं. ऑगस्टमध्ये मी एक फोन केला असता तरी त्यांनी हेच सांगितलं असतं, आणि कुणीही तो केला नव्हता.

मी पहिल्या रांगेकडे वळले. खुर्ची रिकामी होती. पाकीट तसंच होतं, आत काही नाही. मी धावत मागच्या दारातून बाहेर गेले.

हेर हेम्पेल फाटकाशी उभे होते. केटरिंगची पांढरी गाडी त्यांनी हात दाखवत मागे घेतली होती आणि आता फाटकाला कुलूप लावत होते. विटांची लांब भिंत उन्हात तापली होती.

"हेर हेम्पेल, मी वाचलं!" मला धाप लागली होती. "माईकवर. सगळ्यांसमोर. तीनशे लोक होते. सगळे थांबून ऐकत होते. नाव, सगळं. स्टेजवरून वाचलं."

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हॉलमध्ये?" त्यांनी विचारलं. "त्यांचं नाव? मोठ्याने?"

"हो."

"आत्ता?"

"हो. आत्ताच."

इंजिनच्या आवाजात त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी किल्ल्या पट्ट्याला अडकवल्या. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं.

"मी आलोच होतो, फ्राउ आगाशे," ते म्हणाले. "दोन मिनिटं थांबायचंत."